सतरंज्या गुंडाळल्यानंतर

२१ जूनच्या सकाळी बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत शाळांची पटांगणे सतरंज्यांनी भरून जातात. गणवेशातील विद्यार्थी, एरवीपेक्षा तासभर लवकर उठावे लागल्याने किंचित त्रासलेले कर्मचारी, पहिल्या रांगेत मान्यवर, ध्वनिक्षेपकावरून सूचना देणारे क्रीडाशिक्षक आणि समोर लगबगीने फिरणारा छायाचित्रकार, असा तो पाऊण तासाचा सोहळा असतो. ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, थोडी कपालभाती आणि अखेरीस शांतिपाठ. मग अल्पोपाहार होतो, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि २२ जूनला ते पटांगण पुन्हा मोकळे होते.

या सोहळ्याची टिंगल करण्याचे काहीही कारण नाही. २७ सप्टेंबर २०१४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत योगदिनाची कल्पना मांडली आणि अवघ्या अडीच महिन्यांत, ११ डिसेंबरला, १७७ देशांच्या सहप्रस्तावाने तो ठराव संमत झाला. २०१५च्या पहिल्या योगदिनी दिल्लीच्या राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर, ३५ हजार ९८५ जणांनी एकत्र आसने केली. २०१६ साली युनेस्कोने योगाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ज्या विद्येला एकेकाळी आपल्याच देशातील शिकलेसवरलेले लोक बैराग्यांचे खूळ म्हणत होते, तिला मिळालेली ही जगन्मान्यता प्रत्येक भारतीयाने अभिमानाने मिरवावी अशीच आहे. पण ज्या विद्येचा पहिला नियमच सातत्य हा आहे, ती वर्षातून एका सकाळपुरती उरली, तर मिरवायचे तरी काय? उसाच्या, दुधाच्या आणि डाळिंबाच्या पैशाने सुखवस्तू झालेल्या या दोन तालुक्यांत आज साखर केवळ कारखान्यांच्या गोदामात साठत नाही, ती माणसांच्या रक्तातही साठते आहे. म्हणून हा प्रश्न येथे अधिक निकडीचा आहे.

पुणे जिल्ह्याचे पश्चिम टोक म्हणजे लोणावळ्याचा घाटमाथा आणि पूर्व टोक म्हणजे उजनीच्या जलाशयाला टेकलेला इंदापूर तालुका. आधुनिक काळात योगाचा जो शास्त्रशुद्ध अभ्यास भारतात सुरू झाला, त्याचा आरंभ याच जिल्ह्याच्या त्या पश्चिम टोकाला झाला, ही गोष्ट पूर्वेकडच्या गावांत फारशी कोणाला ठाऊक नसते. जगन्नाथ गणेश गुणे हे त्या आरंभकर्त्याचे नाव. १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर घडविले, संस्कृतचा व्यासंग केला, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडून योगाची दीक्षा घेतली. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. दुसरा एखादा साधक या टप्प्यावर गुहा शोधत निघाला असता. कुवलयानंदांनी क्ष-किरण यंत्र शोधले.

बडोद्यात त्यांनी नौली आणि उड्डियान या क्रियांवर प्रयोग केले. नौली करताना पोटाचे स्नायू विशिष्ट पद्धतीने उचलले गेले की मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकावर मोजून दाखविले आणि या निर्वात अवस्थेला आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे शोधपत्र सुरू केले. प्राचीन विद्या प्रयोगशाळेच्या मेजावर ठेवण्याचे हे धाडस होते. कारण यंत्राने उलट कौल दिला असता, तर तो स्वीकारावा लागला असता!

आणि एका बाबतीत यंत्राने तसा कौल दिलाही. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू मिळतो, अशी तेव्हाही समजूत होती आणि आजही योगवर्गांतून ती सर्रास सांगितली जाते. कुवलयानंदांनी मोजमाप केले, तेव्हा तसे दिसले नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या पुरवठ्यात नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या त्याच्या परिणामात आहे, अशा निष्कर्षाला ते आले आणि तो त्यांनी निःसंकोचपणे लिहिला. श्रद्धेला त्यामुळे तडा गेला नाही. उलट ती अधिक भक्कम पायावर उभी राहिली. योगाचे नाव घेऊन कर्करोगापासून टकलापर्यंत सर्व काही बरे करण्याची हमी देणाऱ्यांनी कुवलयानंदांचा हा एक धडा तरी गिरवायला हवा.

पुणे शहराचे ऋणही असेच मोठे आहे. १९३७ साली बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार नावाचा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण डेक्कन जिमखान्यावर योग शिकविण्यासाठी आला. बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी पोखरलेले त्याचे शरीर होते. सहा महिन्यांसाठी आलेला हा तरुण आयुष्यभरासाठी पुणेकर झाला, १९७५ साली त्याने आपल्या पत्नीच्या स्मरणार्थ रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभारली आणि २०१४ साली वयाच्या ९५व्या वर्षी येथेच देह ठेवला. अय्यंगार गुरुजींची सर्वांत मोठी देणगी म्हणजे दोर, लाकडी ठोकळे, खुर्ची, लोड आणि घोंगडी. ज्याचा गुडघा वाकत नाही, ज्याच्या कमरेला पट्टा आहे, ज्याचे वय सत्तरीचे आहे, त्यालाही आसनाचा लाभ मिळावा म्हणून त्यांनी या साध्या वस्तूंची योजना केली. ‘माझे अंग आता वळत नाही’ ही सबब त्यांनी कायमची निकालात काढली. आणि नीरा नदी ओलांडून साताऱ्याकडे वळले, तर औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी भेटतात. स्वतः रोज सूर्यनमस्कार घालणारा, त्यावर पुस्तक लिहिणारा आणि आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करणारा तो राजा होता. रथसप्तमीला शाखांवर आणि शाळांत आज जे सामूहिक सूर्यनमस्कार होतात, त्यांच्या मागे ही परंपरा आहे.

इतकी संपन्न परंपरा हाताच्या अंतरावर असताना बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला योगाविषयी विचारले, तर बहुधा एकच उत्तर येते. ‘दिवसभर रानात राबतो, आम्हाला कशाला हवाय व्यायाम?’ या उत्तराकडे तुच्छतेने पाहू नये. ते एकेकाळी पूर्णपणे खरे होते. नीरा डावा कालवा आला, जिरायती जमीन बागायती झाली, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि पुढे कर्मयोगी, नीरा-भीमा असे कारखाने उभे राहिले, तेव्हाच्या पिढीने मोटेवर, नांगरावर आणि पायी चालण्यात हाडे झिजविली. त्या पिढीला घरात बसायला पाट होता आणि शौचाला उकिडवे बसावे लागे. त्यामुळे नव्वदीतही गुडघे शाबूत असलेली माणसे गावोगावी दिसत. आज त्यांच्याच घरात नांगरट ट्रॅक्टर करतो, तोडणी टोळी करते, फडापर्यंत दुचाकी जाते, जेवण मेजावर होते आणि कमोड गुडघ्यांना वाकूच देत नाही. खाणे मात्र नांगरामागे चालणाऱ्या आजोबांचेच राहिले. त्यात गोड चहाच्या फेऱ्या आणि ढाब्यावरच्या मेजवान्या यांची भर पडली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के उच्च रक्तदाबाचे धनी आहेत. हा आता शेठसावकारांचा आजार राहिलेला नाही. पाणी, पैसा आणि यंत्र जेथे जेथे पोहोचले, तेथे तो पाठोपाठ पोहोचला. ऊसपट्टा त्याला अपवाद कसा असेल?

जे अजूनही अंगमेहनत करतात, त्यांचे काय? येथे श्रम आणि व्यायाम यांतील भेद समजून घ्यायला हवा. श्रमात काम शरीराला वापरते, व्यायामात शरीर स्वतःकडे वळते. रात्री दारे धरणारा माणूस तासन्‌तास कमरेत वाकून फावडे ओढतो. डाळिंबाच्या बागेत फवारणी करणाऱ्याच्या एका खांद्यावर पंपाचा भार असतो. ट्रॅक्टरचालकाच्या मणक्याला दिवसभर हादरे बसतात आणि मान सारखी मागे वळलेली असते. धारा काढणारी गृहिणी गोठ्यात सकाळ-संध्याकाळ एकाच कुशीवर झुकून बसते. पुणे-सोलापूर महामार्गावरचा मालमोटारचालक आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एकाच यंत्रासमोर आठ तास उभा राहणारा कामगार, हेही याच पंक्तीतले. या प्रत्येकाचे काही स्नायू अतिवापराने आखडतात आणि काही न वापरल्याने दुबळे पडतात. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला भुजंगासन, शलभासन आणि सेतुबंध मागे वळवतात. आखडलेल्या मांड्यांच्या मागच्या शिरा सुप्त पादांगुष्ठासन मोकळ्या करते. मकरासनात दहा मिनिटे पडून राहिले, तरी कमरेवरचा ताण उतरतो. शेतकऱ्याला योग हवा तो यासाठी.

हे केवळ परंपरेचे सांगणे आहे असे नव्हे. जुनाट कंबरदुखीवर २००५ साली अमेरिकेत १०१ रुग्णांची चाचणी झाली. बारा आठवड्यांच्या योगवर्गानंतर त्यांच्या दैनंदिन हालचालींत जी सुधारणा झाली, ती सर्वसाधारण व्यायाम करणाऱ्यांच्या बरोबरीची किंवा सरस आणि केवळ माहितीपुस्तिका वाचणाऱ्यांपेक्षा निश्चितपणे अधिक होती. २०१७ साली तेथील वैद्यांच्या मान्यवर महाविद्यालयाने जुनाट कंबरदुखीसाठी आधी औषधाशिवायचे उपाय करावेत, असे मार्गदर्शन केले आणि त्या उपायांत योगाचे नाव घातले. रक्तदाबावरही नियमित अभ्यासाचा परिणाम दिसतो. तो औषधाची जागा घेण्याइतका मोठा नसतो, पण औषधाला हात देण्याइतका नक्कीच असतो.

हृदयविकाराबाबत मात्र तराजू हातात सरळ धरला पाहिजे. भारतातच २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३ हजार ९५९ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि २०२०मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योगाधारित पुनर्वसन घेतलेले रुग्ण आपल्या नेहमीच्या कामांत अधिक चांगले परतले, त्यांना स्वतःची प्रकृतीही अधिक बरी वाटली. परंतु पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू येणे यांचे प्रमाण योगाने निर्णायकपणे घटले, असे त्या चाचणीतून सिद्ध होऊ शकले नाही. योगाच्या अभिमान्यांनी या वाक्याचा दुसरा भागही तितक्याच मोठ्या आवाजात सांगितला पाहिजे. आपल्या विद्येवर खरा विश्वास असणाऱ्याला अर्धसत्याची कुबडी लागत नाही.

अशा कुबड्यांनी माणसे दगावतात, ही त्यातली खरी चिंता आहे. गावात एखादे शिबिर होते, व्यासपीठावरून ‘आठ दिवसांत मधुमेह मुळापासून’ अशी गर्जना होते आणि कोणी भाबडा रुग्ण घरी जाऊन इन्शुलिन बंद करतो. हा योग नव्हे, हा प्राणाशी खेळ आहे. योगाने रक्तातील साखरेचे नियमन सुधारू शकते, औषधाची मात्रा कालांतराने कमीही होऊ शकते. पण ती कमी करायची की नाही, हे रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनी ठरवायचे. जो इन्शुलिन घेतो, त्याने अभ्यासाला बसताना साखरेची पुडी जवळ ठेवावी. ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्याने जोरकस कपालभाती, दीर्घ कुंभक आणि शीर्षासन यांच्या वाटेला जाऊ नये. काचबिंदू असणाऱ्याने डोके खाली असलेली आसने टाळावीत. हर्नियाच्या रुग्णाने आणि गर्भवतीने जाणत्या शिक्षकाशिवाय काही करू नये. मणक्याची चकती सरकलेली असेल, तर पुढे वाकण्याच्या आसनांचा हट्ट नको. पोट रिकामे हवे. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्या भगिनींना सर्वांत आधी पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, कडधान्ये आणि लोहाच्या गोळ्या हव्यात. अनुलोम-विलोमाने हिमोग्लोबिन तयार होत नाही.

शरीराविषयी एवढे. मनाचा विषय याहून नाजूक आहे, कारण ग्रामीण भागात शरीराचे दुखणे सांगता येते, मनाचे सांगता येत नाही. ‘डोकं फिरलंय’ या दोन शब्दांत सगळ्या मनोव्यथांची बोळवण होते. वास्तविक ताणाची कारणे या भागात कमी आहेत का? कृषिपंपाची वीज अनेक ठिकाणी रात्रपाळीत येते. रात्री दोनला मोटार चालू करायला उठायचे, अंधारात साप-विंचवाची धास्ती बाळगत पाणी द्यायचे आणि पहाटे पुन्हा धारा. ज्या माणसाची झोपच अशी मोडलेली आहे, त्याचा रक्तदाब आणि मनःस्वास्थ्य दोन्ही बिघडणारच. योगनिद्रेचा उपदेश करण्यापूर्वी त्याला दिवसा वीज मिळायला हवी, हेही स्पष्टपणे म्हणायला हवे. त्यावर उसाच्या दराची अनिश्चितता, डाळिंबावरचा तेल्या, मुलाच्या लग्नाची काळजी, सोसायटीचे कर्ज. तालुक्याच्या गावी खोली घेऊन पोलीस भरती किंवा राज्यसेवेची तयारी करणारा मुलगा तर दोन-तीन अपयशांनंतर घरी फोन करायचाही टाळू लागतो.

अशा मनाला योग नेमके काय देतो? पतंजलींच्या अष्टांगांत आसन तिसरे आहे आणि प्राणायाम चौथा. मनाकडे जाण्याची वाट श्वासावरून जाते, हे त्या क्रमात अनुस्यूत आहे. हृदयाचे ठोके माणसाला इच्छेनुसार कमी करता येत नाहीत, घाम थांबवता येत नाही, पचन हुकमाने चालत नाही. आपोआप चालणाऱ्या या सगळ्या कारभारात श्वास तेवढा असा आहे, जो आपोआपही चालतो आणि आपल्या हातातही येतो. तो संथ केला, विशेषतः उच्छ्वास लांबविला, की हृदयाची गती उतरते आणि शरीराला ‘संकट टळले’ असा निरोप जातो. भ्रामरीत तोंड मिटून केलेला गुंजारव हा उच्छ्वास लांबविण्याचाच सुंदर उपाय आहे.

२००१ साली इटलीतील पाव्हिया येथील लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. त्यांना लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळी श्वासाची गती आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी परस्परांशी जुळल्या. प्रार्थनेची भाषा वेगळी, दैवत वेगळे, पण लय एकच. मराठी वाचकाला हे वाचून आषाढातले दृश्य आठवल्यावाचून राहणार नाही. तुकोबांची पालखी देहूहून निघून बारामतीत विसावते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्व धावतात आणि इंदापूरच्या मुक्कामानंतर सोहळा नीरेच्या दिशेने सरकतो. अडीचशे किलोमीटर चालणारी ती साठ-सत्तरीची माणसे टाळाच्या ठेक्यावर दीर्घ सुरात अभंग म्हणत जातात, तेव्हा पायांना चाल, छातीला लांब उच्छ्वास, मनाला नाम आणि एकटेपणावर दिंडीचा सहवास, हे सारे एकदम घडते. वारीची मोजदाद त्या इटालियन प्रयोगात झालेली नाही, हे खरे. तरीही संध्याकाळी गावच्या देवळात हरिपाठाला बसणाऱ्याला प्राणायाम अगदीच अनोळखी वाटू नये. योग आणि भक्ती यांच्यात भिंत नाही, हे ज्ञानोबांनी सहाव्या अध्यायात योगमार्गाचे रसाळ वर्णन करून सातशे वर्षांपूर्वीच दाखविले आहे.

अष्टांगांतील पहिली दोन अंगे, यम आणि नियम, सोहळ्यांच्या गर्दीत हमखास विसरली जातात. तंबाखूची चंची कनवटीला लावून केलेले सूर्यनमस्कार किंवा रोज दोनदा मशेरी लावून केलेला प्राणायाम फुफ्फुसाला आणि तोंडाला किती वाचवणार? मशेरी हे व्यसन आहे, हेच अनेक घरांत मानले जात नाही. सासू लावते म्हणून सून लावते. ज्या ढाब्यावर उसाच्या बिलाचे पैसे रिते होतात, तेथे आसनांची मात्रा चालत नाही. संयम, शौच, संतोष हे शब्द जुनाट वाटतात, पण मधुमेहाचा कोणताही डॉक्टर रुग्णाला वेगळ्या शब्दांत दुसरे काय सांगतो? मात्र एक सावधगिरी येथेही आवश्यक आहे. ज्याची झोप आणि भूक अनेक आठवडे उडाली आहे, ज्याच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचे येते, त्याला केवळ ध्यानाला बसवू नये, एकटेही सोडू नये. त्याला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानसोपचारासाठी पुण्याला जाण्याच्या विचारानेच माघार घेणाऱ्या कुटुंबांनी आधी तेथे चौकशी करावी. योग उपचाराच्या सोबत चालू शकतो.

योगाविषयी बोलताना या भागातील एका मोठ्या समुदायाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडणी टोळ्या येथे उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत संसार, पहाटे फडात, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची २०१९ साली राज्याच्या समितीने चौकशी केली, तेव्हा पाहणीतील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा केला तर दंड, विश्रांती नाही, शौचालय नाही. या भगिनीपुढे सतरंजी अंथरून तिला पवनमुक्तासन शिकविणे ही क्रूर थट्टा होईल. तिला हवी आहे हक्काची सुट्टी, कोपीजवळ पाणी आणि शौचालय, स्त्री डॉक्टरकडून तपासणी. योगाचा पहिला यम अहिंसा आहे, आणि समाजाने आपल्याच भगिनींच्या देहावर चालविलेली ही हिंसा थांबविणे हे त्या यमाचे पालन ठरेल. ज्या कारखान्याच्या वसाहतीत योगदिन साजरा होतो, त्याच कारखान्याच्या तळावर त्याच आठवड्यात नव्हे, तर गळीत हंगामाच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य तपासणी व्हावी. त्या दिवशी छायाचित्रकार नसला तरी चालेल.

कधी कधी असाही प्रश्न उपस्थित केला जातो, की योग हिंदूंचा असल्याने तो सर्वांना कसा सांगावा. त्याचा उगम या भूमीच्या वैदिक आणि श्रमण साधनेत आहे. हा उगम लपविण्याचे कारण नाही आणि त्याच्या दारावर पहारा बसविण्याचेही कारण नाही. ज्याला ओंकार म्हणायचा नसेल, त्याने मौन पाळून श्वास मोजावा. त्याच्या कंबरेलाही भुजंगासन तितकेच मानवते.

आता २२ जूनचे काय करायचे, हा मूळ प्रश्न. उपकेंद्रांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले आहे आणि योग हा त्यांच्या कामाचा एक भाग मानला आहे. पण पाटी बदलल्याने वर्ग सुरू होत नाही. वर्ग सुरू होतो तो शिक्षकाने, आणि शिक्षक टिकतो तो मानधनाने. ग्रामपंचायतीने दिव्यांच्या कमानीवरचा खर्च वर्षभर एका प्रशिक्षित योगशिक्षिकेकडे वळविला, तर गावाचा अधिक लाभ होईल. शिक्षिका मुद्दाम म्हटले आहे. गावच्या सुना-लेकी पुरुष शिक्षकासमोर मोकळेपणाने आसने करणार नाहीत, आणि घरातील बाई वर्गाला आली की घराचे ताट बदलते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. वेळही गावाच्या घड्याळाने ठरवावी. पहाटे साडेपाचचा वर्ग शहरात शोभतो. ज्या गावात त्या वेळी धारा चालतात, तेथे दूध संकलन आटोपल्यावर सकाळी नऊ वाजता किंवा दुपारी चारला देवळाच्या सभामंडपात वर्ग भरवावा. जेथे शाखा नियमित लागते, तेथील कार्यकर्त्यांनी शाखेबाहेरच्या पन्नाशीच्या माणसांसाठी पाऊण तास काढावा. त्यांना प्रहार-समतेची गरज नाही, गुडघे-कंबर मोकळी करणारी सहा-सात आसने आणि दहा मिनिटांचा अनुलोम-विलोम त्यांना पुरेसा आहे. आरंभी प्रत्येकाचे वजन, पोटाचा घेर, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर वहीत लिहून ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावी. कुवलयानंदांच्या जिल्ह्यात एवढी शिस्त अपेक्षित आहेच.

पाऊस वेळेवर झाला, तर आषाढ-श्रावणात आडसाली लागणी आटोपतात आणि बागायतदाराला थोडी उसंत मिळते. गळीत हंगाम सुरू व्हायला तेव्हा तीन-चार महिने असतात. योगवर्ग सुरू करायला आणि अंगवळणी पडायला या भागात याहून सोयीचा काळ नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी निदान एका शिक्षिकेचे नाव आणि एका सभामंडपाची वेळ योगदिनाच्या आधीच निश्चित करावी, म्हणजे सतरंज्या गुंडाळण्यापूर्वी ती ध्वनिक्षेपकावरून जाहीर करता येईल.